आमच्या परसातले मोनार्क

१० ऑक्टोबर, सकाळी ७.४०
परसातल्या झुडपांवर केशरी फुलपाखरं. तीस तरी. काळी किनार, पांढरे ठिपके. मोनार्क. थेट अमेरिकेतून अमरावतीत. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे बघताक्षणी ओळखलं.

११ ऑक्टोबर
मोबाइलमधलं अ‍ॅप म्हणतं, प्लेन टायगर, सर्वत्र आढळतं. दुसरा फोटो काढला. पुन्हा तेच. अ‍ॅप डिलीट केलं.
हिचं म्हणणं, तिच्या माहेरी तिवशाला असली फुलपाखरं रुईवर कायम असतात. बायकोला स्थलांतर समजावणं अवघड.

१३ ऑक्टोबर
अकोल्याच्या एका निसर्गमंडळाला फोन केला. अध्यक्ष दीपमालाबाई म्हणाल्या, मोनार्क असणं कठीण आहे, पण पुढच्या रविवारी बारा जण येतो. हेवा वाटला असणार. भाषण लिहायला घेतलं. पंचेचाळीस मिनिटं पुरेत.

१६ ऑक्टोबर
भाषणाच्या दोन ओळी झाल्या. पैकी एक स्वागताची.

१८ ऑक्टोबर
परस फारच गबाळा दिसतो. घरकामाच्या पार्बताबाईंना झुडपं उपटायला सांगितली. त्या हात लावेनात. म्हणाल्या, "साहेब, तो खुळखुळा हाये. फुलपाखरं त्याच्यासाठीच येऊन राहिले. नका उपटू." तेरा हजार किलोमीटर उडून खुळखुळ्यासाठी कोणी येत नाही, हे त्यांना शांतपणे सांगितलं. मग मीच उपटली. सगळी भिंतीपलीकडे जानरावांच्या खताच्या ढिगावर टाकली. भाजी पिकवतात बिचारे, उपयोग होईल. इकडे पिटुनियाच्या आठ कुंड्या मांडल्या. कंबर धरली आहे.

१९ ऑक्टोबर
एकही मोनार्क नाही. प्रवासाचा शीण असेल.

२० ऑक्टोबर, रविवार, सकाळी ९
मंडळी आली. मी स्वागताची ओळ वाचली. तेवढ्यात दीपमालाबाईंनी भिंतीवरून पलीकडे पाहिलं आणि सगळ्यांना खुणेनं बोलावलं. जानरावांच्या ढिगावर, माझ्याच वाळलेल्या झुडपांवर, दोनशे तरी फुलपाखरं. दीपमालाबाई म्हणाल्या, खुळखुळा वाळायला लागला की त्याचा रस शोषायला ही अशीच जमतात. प्लेन टायगर, ब्लू टायगर, कॉमन क्रो, अशी नावं घेत मंडळी फाटकातून तिकडे गेली. माझी दुसरी ओळ राहिली.

सकाळी ११
दीपमालाबाईंनी जानरावांना विचारलं, हे एवढं जमवलं कसं. ते म्हणाले, "मी काई नाई केलं, ताई. शेजारच्या साहेबाचा कचरा हाये." तरी मंडळाने आणलेली शाल त्यांनाच घातली. हिने पोह्यांचं पातेलं उचललं आणि तीही तिकडे गेली. पार्बताबाई चहा घेऊन मागोमाग.

दुपारी १
स्टुलावर उभं राहून भिंतीवरून निरीक्षण पूर्ण केलं. स्थलांतर सिद्ध झालं आहे. अंतर, भिंत धरून, बावीस फूट.