दोन पाट आणि जपानी रंधा

नाना, परवा शेजारचा एक तरुण इंजिनियर घरी आला होता. त्याला सुतारकामाचा नवा नाद लागलाय. सगळे ज्या परदेशी हत्याराचं कौतुक करतात ते घ्यावं, की साधं चालेल, असं विचारत होता. रविवारी गॅलरीत चार फळ्या तासायच्या, त्याला एवढं महागाचं लागतं का? म्हटलं, विचार करून सांगतो. विचार करायला बसलो आणि तुम्हालाच लिहू लागलो.

दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला होतो तेव्हा तिथल्या कॉलनीत आम्ही चार-पाच हौशी सुतार होतो. एकाच्या साडूने आखातातून विजेवर चालणारा जपानी रंधा आणला आणि आमची झोप उडाली. त्याने तासलेल्या फळीत म्हणे तोंड दिसतं. मी दिवाळीचा सगळा बोनस घालून तसाच मागवला. तुमची सून म्हणाली, "घरात स्टुलं दोन. त्यांना किती तासणार?" तिचं बरोबर होतं, पण ऐकतो कोण.

तुमच्याकडे होतं काय? एक वाकस, दोन पटाशा, एक करवत आणि हाताच्या घामाने काळा पडलेला लाकडी रंधा. शेतीतून उसंत मिळाली की ओट्यावर बसून तुम्ही घरापुरतं काहीबाही करायचात. त्या वर्षी आपल्या धाकटीचं लग्न ठरलं. नवरानवरीचे पाट मुलीच्या बापाने स्वतः करायचे ही आपल्या घरची रीत. आत्याचे आजोबांनी केले होते. धाकटीसाठी तुम्ही सागाच्या दोन फळ्या कित्येक वर्षं माळ्यावर जपल्या होत्या. मी सुट्टी काढून गावी आलो तेव्हा त्या खाली उतरल्या होत्या, त्यांवर पेन्सिलीच्या खुणा झाल्या होत्या आणि तुम्ही रंध्याचं पातं दगडावर घासत बसला होता. मी मोठ्या ऐटीत मशीन दाखवलं. तुम्ही ते उचलून, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणालात, "चांगलं शे. पन तुम्ही तठे लाईट बनाडतस, मंग आठे का बरं येत नही?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही साक्रीच्या बाजाराला गेलात. दुपारी लाईट आली आणि तुम्हाला चकित करावं म्हणून मी दोन्ही फळ्या तासून काढल्या, खालच्या पट्ट्याही ठोकल्या. खोटं कशाला बोलू, मशीन उत्तम होतं. तुम्ही परत आलात, पिशवी खाली ठेवलीत आणि पाटावरून तळहात फिरवलात.

"बठ्ठं व्हई गयं?"

"झालं, नाना. तुमचं तीन दिवसांचं काम दोन तासांत."

तुम्ही हळूच म्हणालात, "मंग आते मी काय करू?"

मी उत्तर दिलं नाही. तुम्ही घासलेलं पातं रंध्यात बसवलंत आणि सगळी हत्यारं गोणपाटात बांधून ठेवलीत. लग्नात पाटांचं कौतुक झालं, तेव्हा "मना पोर्‍यानी करात," असं तुम्ही येईल त्याला सांगत होता. ते गोणपाट तुम्ही पुन्हा सोडल्याचं मला आठवत नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. आणि वाचलेल्या वेळाचं मी काय केलं? देवपूरला मित्राकडे जाऊन दोन दिवस गप्पा मारल्या. त्याची मला अजून लाज वाटते.

त्या पोराला मी घे म्हणून सांगणार आहे. चांगलं हत्यार हातात धरायचं सुख खोटं नसतं. घरात ते काम करायची आस आणखी कुणाला आहे का, एवढं आधी बघ, असंही सांगावंसं वाटतं, पण नाही सांगणार. त्याचे वडील सुतारकाम करत नाहीत.

हे पत्र वहीतच राहणार, म्हणून एक लिहून टाकतो. नानांना उत्तर का दिलं नाहीस, असं धाकटीने मला त्या संध्याकाळी विचारलं होतं. मशीनच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही, असं मी तुमच्यासमोरच तिला सांगितलं, आणि तुम्हीही मान हलवलीत. मशीन तेव्हा बंद होतं, नाना. मी वायर गुंडाळत होतो.