माटोळीतली निळी दोरी

मुळगाव, डिचोली
चवथीचा चौथा दिवस

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या गुरुदासाचा डोकं टेकून नमस्कार. केळबायच्या कृपेने इथे सगळी सुखरूप आहेत. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्या गुडघ्यापायी यंदा तुम्हाला बेळगावहून चवथीला येता आलं नाही, म्हणून बसच्या ड्रायव्हरकडे खोबऱ्याच्या नेवऱ्यांचा, आपल्या करंज्यांचा, डबा पाठवतो आहे आणि त्यातच हे पत्र. (वरच्या थरातल्या नेवऱ्या आईने केल्यात, खालच्या तुमच्या भावजयीने, देवकीने. दोन्ही बऱ्या झाल्या असं दोघींना वेगवेगळं कळवावं.) फोनच करणार होतो, पण वहिनी फोन मोठ्या आवाजावर ठेवतात, आणि घरातल्या काही गोष्टी तुमच्या शेजाऱ्यांना तुमच्यानंतर कळलेल्या बऱ्या.

तुम्हाला ठाऊकच आहे, पाळी गावची खाण थांबल्यापासून आपल्या घरात ठरल्या तारखेला येणारा पगार एकच, आमच्या लेकीचा, प्रियाचा. ती मागच्या खोलीत बसून गुरुग्रामच्या कंपनीचं काम करते. साहेबाची अट एवढीच, की नेट तुटता कामा नये. तुटत राहिलं तर बॅग भरून तिकडे यायचं. आपल्या चिऱ्याच्या भिंतींतून वायफाय जात नाही (आईची हाक तेवढी जाते), म्हणून मे महिन्यात राऊटर बसवला तेव्हा त्याच्यापासून दोन निळ्या वायरी आत नेल्या. एक प्रियाच्या मेजापर्यंत आणि दुसरी आईच्या टीव्हीपर्यंत, कीर्तनासाठी. (आई कीर्तनाला बसते आणि मालिकेवरून उठते, पण तो विषय वेगळा.) बसवणाऱ्या माणसाने विचारलं, डबा कुठे लावू? मी बाहेरच्या खोलीतला जनेलाच्या गजांशेजारचा कोपरा दाखवला आणि म्हटलं, इथे लाव, ही जागा रिकामीच असते.

दादा, ती जागा रिकामी का असते, हे मला मे महिन्यात आठवलं नाही. सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घेणारा माणूस मी, आणि देवाची बसायची जागाच विसरलो. नाव घेणं आणि आठवण ठेवणं या दोन निरनिराळ्या गोष्टी असाव्यात. श्रावण सरता सरता आई भिंतीला रंग लावायला सांगायला आली, तेव्हा गणपतीच्या चौरंगाच्या जागी राऊटर हिरवे डोळे मिचकावत बसला होता. मी भीत भीत सुचवलं, की यंदा चौरंग थोडा उजवीकडे घेतला तर? आई म्हणाली, "गणपती हालचो ना. तुजो डबो हालय." विषय संपला.

डबा हलवायचा म्हणजे बसवणाऱ्याला बोलवायला हवं. तो म्हणाला, अनंत चतुर्दशीनंतर बघू, आमच्याही घरी गणपती आहे. त्याच्या भक्तीला मी कोणत्या तोंडाने आडवा येऊ? मग प्रियाने आणि मी मिळून तो हलवला. बाहेरून येणाऱ्या तारेचं वेटोळं होतं, ते सोडून राऊटर समोरच्या भिंतीवर दाराच्या वर टांगला. फार बरं वाटलं. वाटून झाल्यावर लक्षात आलं, की खोल्यांच्या दोन्ही वायरी अजून गणपतीच्या कोपऱ्यातच संपतात आणि नव्या जागेपर्यंत पोचत नाहीत. प्रिया म्हापशाहून एक छोटा डबा घेऊन आली. राऊटरपासून एक लांब वायर या डब्यात आणायची आणि खोल्यांच्या दोन्ही वायरी त्यात खुपसायच्या. म्हणजे एक डबा हलवला आणि त्याच जागी दुसरा ठेवला. मी तो मखराच्या मागे लपवला. आईने वाकून पाहिलं आणि विचारलं, "हो खंयचो देव दोळे मिचकायता?" मी म्हटलं, रोषणाई.

आता ती लांब वायर. जमिनीवरून नेली तर आरतीची माणसं अडखळणार, म्हणून मी ती वरून, गणपतीच्या डोक्यावर फळं बांधतो त्या माटोळीच्या लाकडी चौकटीला लागून नेली. (हे मला त्या वेळी फार हुशारीचं वाटलं होतं.) दुसऱ्या दिवशी, म्हणजे चवथीच्या आदल्या दुपारी, आपला चुलतभाऊ कृष्णनाथ माटोळी बांधायला आला. रानात फिरून त्याने फळं आणली होती, पण बांधायला केवणीची साल यंदा कमी मिळाली, म्हणून कुरकुरत होता. मी पूजेचं सामान आणायला डिचोलीला गेलो. परतलो तर माटोळी पाहून डोळे निवले. काकड्या, पपनसासारखं तोरिंजन, सुपारीचे घोस, सगळं एका रांगेत. कृष्णनाथ शिडीवरून म्हणाला, "गुरुदासा, हांगा निळी दोरी बरी मेळ्ळी मरे! घट आसा." आणि त्याने त्या दोरीला नारळाची जोडी अडकवली.

वायरीच्या बाजूने सांगायला हवं, की तिने काकड्या सोसल्या, तोरिंजनही सोसलं. नारळांपाशी तिचा धीर सुटला. आतून प्रिया ओरडली, "बाबा, नेट!" मी धावलो. पडद्यावर साहेब तोंड उघडं ठेवून थिजले होते. मोबाईलवरून त्यांनी तिला सांगितलं, असं आणखी एकदा झालं तर दिवाळीनंतर गुरुग्रामला ये. पोरीने मान डोलावली. मी म्हटलं, माटोळी सोडवू. आई म्हणाली, बांधलेली माटोळी विसर्जनापर्यंत सुटत नाही. आपला गणपती अकरा दिवसांचा.

रात्री मी देवापुढे बसलो. देवा, तुझी जागा तुला परत मिळाली, आता माझ्या पोरीची जागा तेवढी राख, एवढंच म्हटलं. बाकी तुमचा आशीर्वाद असावा. वहिनींना नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
गुरुदास

ता. क. दोन्ही खोल्यांच्या वायरी तुमच्या बंद खोलीच्या माळ्यावरून जातात, आणि बाहेरच्या तारेचं वेटोळंही बरोब्बर तिथवर पोचतं. राऊटर तिथे ठेवला तर गणपती, माटोळी, प्रिया, कोणालाच हलायला नको. तुमच्या खोलीवर कोणाचा डोळा नाही, हे मी मखरासमोर बसून लिहितो आहे. चावी नेवऱ्यांच्या रिकाम्या डब्यात घालून त्याच ड्रायव्हरकडे द्यावी.

ता. क. दुसरा. तुमच्यापासून काय लपवायचं? राऊटर चवथीच्या संध्याकाळपासून तुमच्याच खोलीत आहे. कुलूप तोडणं म्हणजे भावाचा विश्वास तोडणं, ते मी कधी करणार नाही. कौलं मात्र सामाईक आहेत, म्हणून कृष्णनाथ कौलं काढून उतरला. नेट उत्तम चाललं आहे, साहेब खूश आहेत, प्रिया हसते आहे. फक्त राऊटर अधूनमधून अडतो आणि त्याचं बटण दाबायला कृष्णनाथला पुन्हा उतरावं लागतं. काल तो आत असतानाच पाऊस आला. तुमची गादी मी लगेच उन्हात घातली असती, पण ती कौलांतून निघत नाही.