वज्यासाठी पाक कोणी केला

८ जुलै, मंगळवार

पोतं आज उघडलं. अजयने एप्रिलमध्ये वेचलेल्या काजूच्या बिया. त्यानेच वाळवून, तोंड सुतळीने बांधून ठेवलेल्या. गाठ सुटेना. कापली नाही, बसून सोडवली.

मागच्या पडवीत चूल पेटवली. भोकं पाडलेल्या पत्र्यावर बिया भाजायचं काम त्याचं असायचं, गर गोड-तिखट करायचं माझं. आता दोन्ही माझ्याकडे. टरफलातलं तेल पेटलं की जाळ एकदम वर येतो. तो राख फेकून विझवायचा. तशीच फेकली, जरा उशिरा. बऱ्याच बिया आतपर्यंत काळ्या झाल्या.

आई दारातून बघत होत्या. मे महिन्यात अ. गेल्यापासून कामापुरतंच बोलतात. "भात उतर." "दार लाव." सासू म्हणून कधी वाईट नव्हत्या. आताही नाहीत. फक्त...

धुराचा वास केसांत बसला आहे. धुतले तरी गेला नाही.

१० जुलै, गुरुवार

बिया फोडायला घेतल्या. थोड्या वेळाने आई समोर येऊन बसल्या आणि गरांवरची तांबडी साल काढू लागल्या. न बोलता दुपार गेली. बाबा आतून मधूनमधून विचारतात, "कोण इलो?" कोणी आलेलं नसतं.

यंदाचं हे एकच पोतं. बाकीच्या बिया झाडांखाली कुजल्या. वेचायला कोणी गेलंच नाही.

१३ जुलै, रविवार

माझा दादा डिचोलीहून आला. चहा घेतला, बाबांची चौकशी केली. मग मला गाडीपर्यंत चल म्हणाला.

"तू इथे कोण आता? मूल नाही, नवरा नाही. म्हाताऱ्यांचं करत बसणार?"

मी गाडीच्या काचेवर चिकटलेलं पान काढलं.

"उद्या त्यांच्यातलं एक गेलं की भावकी येईल घर बघायला. तुला कोण विचारणार?"

तो वाईट बोलत नव्हता. त्याच्या दुकानाच्या वरची खोली त्याने रिकामी करून ठेवली आहे. माझी बी.कॉम. कुठेतरी उपयोगी पडेल म्हणतो. मी म्हटलं, गणपतीच्या चवथीनंतर सांगते. "चवथीनंतरच्या रविवारी येतो. बॅग भरून ठेव. तेव्हा नाही म्हणालीस तर परत विचारणार नाही."

घरात आले तर आई ओसरी झाडत होत्या. सकाळी झाडलेली. ऐकलं असेल.

मला काय हवं ते मलाच नीट माहीत नाही. पण आईंनी एकदा रहा म्हटलं तर मी राहीन. एवढं माहीत आहे.

२१ जुलै, सोमवार

सुलभाकाकी आल्या होत्या. दोन घरं सोडून राहतात. सुतकात आमच्याकडची पेज आणि भाजी त्यांच्याच घरून यायची, ते विसरणार नाही. त्यांच्या प्रियाचं लग्न यंदा झालं, सासर फोंड्याला. पहिली चवथ म्हणून मुलीच्या सासरी वजं जायचं. नारळ, फळं, लाडू, नेवऱ्या. त्यात आमचे गोड-तिखट काजू हवेत. लग्नात दिले होते, प्रियाची सासू अजून नाव काढते म्हणे.

मी आत चहा करत होते. काकींचा आवाज खाली आला.

"वहिनी, पाक कोण करता आता?"

चहाला उकळी आली.

"मीच," आई म्हणाल्या.

"मगे काय हरकत नाय. वज्याचा म्हणान विचारलंय. तुमका राग नाय मां इलो?"

"राग कसलो."

चहा घेऊन बाहेर गेले. काकी नेहमीसारख्या हसल्या. "बारीक झालंस गो." मग माझ्या कपाळाकडे नजर गेली. टिकली मी लावते, लहान, काळी. आईंनी काढ म्हटलं नाही, लाव म्हटलं नाही.

लग्नातल्या काजूंचा पाक माझा होता. आई तेव्हा शेजारी बसून होत्या.

२२ जुलै, मंगळवार

सकाळीच आई म्हणाल्या, "ह्या येळेक पाकाक मी बसतंय. तू साली काढ."

काल बोललेलं खरं व्हावं म्हणून असेल. नाहीतर त्यांनाही माझा हात नको असेल. विचारलं नाही. साली काढल्या.

३० जुलै, बुधवार

आईंनी पाक केला. माडाचा काळा गूळ, जरासं तूप, हरमलच्या मिरचीची पूड. पाण्यात थेंब टाकून बोटाने बघतात. चाखत नाहीत. तेराव्याचं गोड नावापुरतं तोंडाला लावलं आणि त्यानंतर वर्षभरासाठी गोड सोडलं. मी सोडलं असं कधी म्हटलेलं नाही, पण खाल्लेलंही नाही. बाबांना साखरेचा त्रास. म्हणजे घरात गोड खाणारं कोणीच नाही, आणि आम्ही काजू करतो.

मी भाजलेले गर कढईत पडले. ताटात पसरले. आईंनी काट्याने एकेक सुटा केला. चकाकी चांगली आली. गार झाल्या झाल्या डब्यात भरले, झाकणाखाली कागद घातला. या हवेत सादळायला वेळ लागत नाही.

आईंचे डोळे लाल. मिरचीने असतील.

३ ऑगस्ट, रविवार

दादा बांद्याला कुणाकडे जाऊन परतताना आला. मेजावर डबा दिसला. मूठ भरून तोंडात टाकली, आणि उठून बाहेर जाऊन थुंकला.

"हे काय गो? समुद्र उकळलात?"

मीठ दोनदा पडलं. पाकात आईंनी घातलं. गर भाजताना मी घातलं होतं, नेहमी घालते तसं. मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही, आणि चाखलं कोणीच नाही.

दादा हसत होता. "एका चुलीपाशी दोघी, आणि मीठ घातलं एवढं सांगायला तोंड उघडत नाही?" मग आईंचा चेहरा बघून हसू आवरलं.

आईंनी डबा उचलला, मागे जाऊन काजू धुवून बघितले. पाक विरघळला, गर मऊ पडले. हातात नुसता काळा लगदा. शेवटी माडाच्या मुळाशी टाकले. तिथेच उभ्या राहिल्या.

अ.च्या पोत्यातले निम्मे गेले.

दादा जाताना म्हणाला, "बघितलंस? ह्यासाठी राहायचं तुला?"

५ ऑगस्ट, मंगळवार

दुपारी आईंनी कढई माझ्यासमोर ठेवली.

"तूच कर." थोड्या वेळाने, "खंय बोलू नको." कुठे म्हणजे काकींपाशी, ते कळलं.

थोडेच गर घेतले, हात बसावा म्हणून. पाक होत आला तेव्हा आईंनी कुलेर पाकात बुडवून पुढे केली.

"चाख."

"आई, मी पण नाही खाल्लं अजून."

"ठावक आसा. माझा सोडलेला. तू चाख."

चाखला. अ. गेल्यानंतरचं पहिलं गोड. जीभ भाजली. मीठ जरा कमी, मिरची बरोबर. आई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, डॉक्टर बघतो तशा.

"बरो?"

"मीठ घालते थोडं."

"घाल."

आज आम्ही बरंच बोललो असं नंतर वाटलं. मोजले तर वर लिहिले तेवढेच शब्द.

१९ ऑगस्ट, मंगळवार

वज्याचे सगळे काजू करून झाले. चांगले झाले. खोटा नम्रपणा नको, लग्नातल्यापेक्षा चांगले झाले. आतून कुरकुरीत, गुळाची चव आधी आणि मिरची मागून.

पोतं संपलं. झटकलं तर तळाशी वाळकी पानं आणि माती. त्याने वेचलेलं आता घरात काही नाही, या डब्यांशिवाय. पोतं धुवायचं की नाही ते ठरेना. घडी करून माळ्यावर टाकलं.

आईंनी डबे पुसले, कापडात बांधले. गाठ त्यांनी मारली.

२३ ऑगस्ट, शनिवार

काकी डबे न्यायला आल्या. नवी साडी घेऊन आल्या होत्या दाखवायला, तीही वज्यातली, प्रियाच्या सासूसाठी. मग काजूचा डबा उघडून वास घेतला.

"वहिनी, तुमच्या हातचो पाक म्हणान माका काळजीच नाय."

आई जमिनीकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "काकी, पाक मी केला."

का बोलले सांगता येत नाही. ते त्याच्या पोत्यातले शेवटचे होते. एवढंच डोक्यात होतं. एकदा बोलल्यावर थांबलेही नाही. "लग्नातला पण मीच केला होता."

काकींनी झाकण लावलं. दोनदा दाबलं. "अगो, माझा काय नाय. माका तुझ्या हातचा चलता. पण चेडवाची पयली चवथ. थंयसरले लोक कशे, काय म्हणतले..." आईंकडे बघितलं. आईंनी मदत केली नाही. "डबे रवांदी आता. फोन करतंय."

डबे ठेवून, साडी घेऊन गेल्या. पिशवी विसरल्या, ती न्यायला परत आल्या नाहीत.

आई उठल्या. एवढं रागावलेलं मी त्यांना बघितलं नव्हतं.

"कित्या सांगलंस? मी निस्तरलंय मां सगळा?"

"तुम्ही काकींना 'मीच' म्हणालात."

"मगे? काय सांगूचा होता? तुझ्या तोंडार कोणी नको म्हणूक नको, म्हणान म्हटलंय! तुका कळाक नाय?"

"मला वाटलं तुम्हालाच माझा हात नको..."

त्यांना कळलं. मग आत गेल्या.

बाबा विचारत होते, "कोण इलो?"

२४ ऑगस्ट, रविवार

रात्रभर एकच. महिनाभर मी त्या "मीच"चा एक अर्थ धरून बसले होते. दुसरा असू शकतो हे मनात येऊन गेलं होतं, पण धरला नाही.

पण दुसरा अर्थ असला तरी मला लपवलंच ना? झाकून ठेवणं आणि आपलं म्हणणं एकच का?

आई आज जेवल्या नाहीत. "भूक नाय."

२६ ऑगस्ट, मंगळवार

काकींचा फोन नाही. दुपारी त्यांच्या दारात टेम्पो लागला. नारळ, केळ्यांचे घड, पाट्या चढवल्या. जनेलातून दिसत होतं. टेम्पो गेला तसं आईंनी जनेल लावून घेतलं.

वाडीभर दिवे. आमच्याकडे यंदा सण नाही. मूळ घरच्या गणपतीला भावकी बघेल.

डबे मेजाखाली आहेत. बाजारातल्या एका दुकानाला विचारता येईल, विकायला घेतील का. आई म्हणतात नको. का नको ते सांगत नाहीत.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सण नसलेल्या घरी शेजारी फराळ आणून देतात. काकी आल्या, ताटलीवर कागद झाकून. नेवऱ्या, मोदक. माझ्याकडे बघितलं नाही.

"बस गो सुलभा," आई म्हणाल्या.

"घरात पावणे आसात." बसल्या नाहीत.

त्यांच्या घरचं गोड आमच्याकडे आलं, आमचं त्यांच्याकडून जायला नको. काकींचाही दोष काढता येत नाही. पेजेचं पातेलं घेऊन पावसातून याच यायच्या.

आईंनी ताटली माझ्यापुढे ठेवली. "खा. तुझा सुटलेला आसा." मी खाल्लं नाही. मुंग्या लागल्या.

३० ऑगस्ट, शनिवार

दादाचा फोन. उद्या सकाळी निघतो. "बॅग भरलीस?" भरते म्हटलं. खाटेखालून काढली, पुसली. दोन साड्या घातल्या, मग बसून राहिले. काय न्यायचं आणि काय इथलं, ते ठरत नाही.

आई दारात आल्या. बॅग बघितली. आत आल्या नाहीत.

"उद्या तुझो भाव जेवान जातलो मां?"

"हो."

"तांदूळ किती घालू?"

"मी घालते आई. दादा धरून चार माणसांचे."

"दुपारचा नाय विचारूक." पदराने हात पुसत होत्या, हात कोरडे होते. "रातीचा विचारतंय. दोन वाटये घालू काय तीन?"

मी बॅगेकडे बघत होते. रहा म्हणाल्या नाहीत. जा म्हणाल्या नाहीत. उभ्या होत्या.

"उद्या सांगितलं तर चालेल?"

"चलात. तांदूळ निवडून ठेवतंय."

आता पलीकडे सूप वाजतंय. निवडलेले किती, ते इथून दिसत नाही.