ताईसाठी नारळखेकडे

३ मार्च १९९७, माजुरो

पक्कं झालं. बॉम्बनंतर सोडावं लागलेल्या आमच्या एनेलिक बेटावर पहिलं जहाज २७ तारखेला जाणार. परतीच्या कमिटीच्या कारकुनाने स्वतः सांगितलं आणि रेडिओच्या दुपारच्या बातम्यांत मीच लिहून दिलं. प्रत्येक कुळातलं एकच घर जाईल. जे घर आधी जाईल, त्याचाच शब्द पुढे जमिनीवर चालेल. हे बातमीत लिहायची गरज नव्हती, इथे सगळ्यांना कळतं.

मान थोरल्या बहिणीचा. म्हणजे नेरिकताईचा. पण आधी मोजणी! अंगातल्या किरणोत्साराचा आकडा मर्यादेच्या वर गेला, तर मान धाकटीकडे. म्हणजे माझ्याकडे.

४ मार्च

ताईकडे गेले. बायका चटया विणत होत्या. ताई म्हणाली, "तुला जमीन कशाला गं? कागदावर नारळ लावणार का?" सगळ्या हसल्या. माझी लेक किमिकोसुद्धा — सातवा महिना लागलाय, पोट धरून हसत होती. मावशीचं सगळंच तिला गोड.

मीही हसले.

७ मार्च

मामेभाऊ जोर्बान होडी घेऊन उत्तरेच्या बंद बेटापर्यंत जातो. अमेरिकेच्या अणुबॉम्ब चाचण्यांची राख तिथे अजून मातीत आहे. मातीतून नारळात, नारळातून खेकड्यात. त्याला नारळखेकडे आणायला सांगितले.

"कोणासाठी?"

"तुला काय करायचंय?"

"माझ्या ताटात वाढू नकोस म्हणजे झालं."

आणतो म्हणाला.

९ मार्च

नेऊन दिले. शेजारच्या आर्नो बेटाचे आहेत म्हणाले, तिथलं सगळं स्वच्छ. "तूच खा हं ताई. वाटत बसू नकोस." तिचे डोळे भरून आले. "किती वर्षांनी माझ्यासाठी काही आणलंस!" मला काही वाटलं नाही. परत येऊन संध्याकाळचं बातमीपत्र वेळेवर दिलं.

१३ मार्च

आणखी दिले.

१७ मार्च

आणखी. विचारलं, खाल्लेस ना? "अगं, चोखून चोखून!"

झोप छान लागते आहे.

२० मार्च

मोजणी झाली. पुढचा नंबर आमच्या घराचा, म्हणून आम्हालाही बोलावलं होतं. शिशाच्या जाड पाठीची खुर्ची, छातीसमोर लोंबणारा डबा. बसायचं आणि हलायचं नाही. ते यंत्र अंगात काही घालत नाही, आधीच आत आहे तेवढं मोजतं.

माझा आकडा ठीक. मग ताई बसली. मोजणारा प्रेस्कॉट खूश — "आजी, या आठवड्यात इतका कमी आकडा कुणाचा नाही!"

मी म्हणाले, यंत्र बिघडलंय. परत मोजा.

"अगं, माझा आकडा वाढायला हवा होता की काय तुला?" ताई म्हणाली. रांगेतल्या बायका खिदळल्या.

त्याने परत मोजलं. तेवढाच.

मग किमिको बसली. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर. वरची धूळ असेल म्हणून प्रेस्कॉटने तिला कपडे बदलायला लावले, हात धुवायला लावले, पुन्हा बसवलं. तोच आकडा. "उत्तरेकडचं काही खाल्लंस?"

"छे! आईने दिलेले खेकडे तेवढे. मावशी मलाच भरवायची."

ताई माझ्याकडे वळली. "रागावू नकोस गं. घरात पोटुशी असताना मी कसा घास उचलू? आपल्यात कुणी उचललाय का कधी? तुला वाईट वाटेल म्हणून खाल्ले म्हणाले."

"कुठले खेकडे?" प्रेस्कॉटने विचारलं.

"आर्नोचे," मी म्हणाले.

"आर्नोच्या खेकड्यात हे येत नाही."

किमिको माझ्याकडे बघत राहिली. मग उठून ताईबरोबर गेली. घरी आली नाही.

२१ मार्च

ताई जहाजावर जाणार नाही. बाळंतपण होईपर्यंत थांब, असं किमिकोने तिला सांगितलं — मला नाही. मान ताईने माझ्याकडे दिला. कमिटीने सकाळी माझं नाव घेतलं. बाळ जूनच्या सुरुवातीला येईल. त्यालाही मोजायचंय, असं प्रेस्कॉट म्हणाला. जहाज गुरुवारी सुटेल.