मेणाची जीभ

ज्युलियस,

रेजिनाला घेऊन मी वांद्र्याला मोत माउलीच्या जत्रेला पुढे गेले. तिला वाचा फुटावी म्हणून तू मुद्दाम करवून आणलेली मेणाची जीभ मी नेलेली नाही, टेबलावरच पडलीय. मी माउलीला मेणाचे दोन हात वाहणार आहे, आणि तेही नवसाचे नाहीत, आभाराचे. पोरीला तहान लागली की ती माझा हात धरून माठावर ठेवते. तुझ्या सायकलची घंटी ऐकली की धावत जाऊन तुझ्या सपाता दारात मांडते. आणि तू गावभर सांगत फिरतोस, माझी मुलगी मुकी! सात वर्षं ऐकून घेतलं, आता पुरे.

बोंबलाचं कालवण चुलीवर आहे. सपाता मात्र आज तुझ्या तूच शोध, म्हणजे ती रोज काय बोलते ते कळेल.

पर्पेच्युआ