कुंपण पद्धत आणि उंटावरचे शहाणे

२ जुलै
आजपासून ट्रेडिंगची रोजनिशी. मोठे ट्रेडर ठेवतात म्हणे. आमच्या चेन्नईकर मराठी ट्रेडर्सच्या ग्रुपवर मोठा मी एकटाच, बाकी एकजात उंटावरचे शहाणे. त्यांचा मुकादम देवेश. त्याच्या मते माझी ‘कुंपण पद्धत’ विश्वासार्ह नाही. बाजाराच्या वर एक ऑप्शन विकायचा, खाली एक. मंगळवारच्या एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे मुदत संपेपर्यंत, बाजार मधेच राहिला की पैसे आपले. यात न कळण्यासारखं काय आहे? पण नाचता येईना, अंगण वाकडं.

५ जुलै
अण्णा नगरचं घर पाहिलं. बायको अदितीच्या नोकरीच्या हॉस्पिटलपासून चालत पाच मिनिटं. आमच्या ओरगडमहून रोज जाऊन-येऊन पाच तास बसमध्ये काढते बिचारी. घरमालकीण विजयालक्ष्मी अम्मांना एक लाख ऐंशी हजार ॲडव्हान्स हवाय, २२ तारखेपर्यंत. पैसे तयार आहेत. पण तोवर बँकेत झोपवून ठेवायचे? ट्रेडिंग अकाउंटला टाकले. अदितीला सांगितलं नाही. बायकांना सरप्राइज आवडतं.

७ जुलै
नफा १,८४०. ग्रुपवर स्क्रीनशॉट. देवेशनं वर्षभराचं रेकॉर्ड मागितलं. मला सुरुवात करून महिना झाला, वर्षभराचं कुठून आणू? असं लिहिलं नाही अर्थात. ‘आधी स्वतःचं दाखव,’ असं लिहिलं.

१० जुलै
कंपनीच्या कँटीनमध्ये अकाउंट्सचे अनंतकृष्ण. सात पिढ्या तंजावरात गेलेला मराठी माणूस, निम्मं वाक्य तमिळमध्ये. त्यांनी विचारलं, स्टॉपलॉस कुठे लावता, सार? सांगितलं, तोटा कुठे तोडायचा तो आकडा डोक्यात असतो. सिस्टीममध्ये भित्रे लावतात. ते सांबार ओतून घेत सेरी सेरी, बरं बरं म्हणाले. पटलेलं दिसलं.

१४ जुलै
नफा २,१००. अदिती नव्या घराच्या खिडक्या मोजून आली. पडद्याचं कापडही घेतलं, हळदी रंगाचं. मी म्हटलं, आणखी घे.

२१ जुलै, दु. १.५०
देवेशनं लिहिलंय, एक वाईट दिवस वीस चांगले दिवस खातो. आज याची कायमची जिरवतो. लॉकर रूममध्ये बसून सात मुद्द्यांचं उत्तर लिहितोय. शीर्षक: ‘शिस्त’.

२१ जुलै, दु. ३.४०
पाचव्या मुद्द्यावर असताना बाजार कोसळला. पाहिलं तेव्हा तीन वाजले होते. स्टॉपलॉस डोक्यात होता, पण डोकं उत्तरात होतं. चाळीस हजार गेले. दोष देवेशचा. मी डगमगलो नाही. बाजार आणखी पडणार हे उघड होतं, म्हणून उरलेल्या सगळ्या पैशांचे, आजच मुदत संपणारे पुट घेतले; बाजार पडला की ते वाढतात. साडेतीनपर्यंत बाजार जागचा हलला नाही. पुट शून्य. म्हणजे तीननंतर कुंपण पद्धत शंभर टक्के बरोबर ठरली. हे ग्रुपवर मांडायला हवं. सात मुद्द्यांना चार लाइक्स.

२२ जुलै
अदितीला सांगितलं. पद्धत नीट कागदावर काढून दाखवली. तिनं कागदाकडे पाहिलं नाही. एवढंच विचारलं, पडदे शिवायला टाकलेत, ते परत आणू का. मला फार वाईट वाटलं. पण असं वाटू देणं ट्रेडरला परवडत नाही.

२६ जुलै
विजयालक्ष्मी अम्मांनी घर दुसऱ्यांना दिलं. ग्रुपवर देवेशनं विचारलं, महिना कसा गेला. ‘शिकण्याच्या दृष्टीनं उत्तम,’ असं लिहिलं. खोटं नाही.

२ ऑगस्ट
अदितीनं अण्णा नगरच्या लेडीज हॉस्टेलमध्ये खाट घेतली, स्वतःच्या पगारातून. मी बॅगा घेऊन गेलो. पुरुषांना गेटच्या आत सोडत नाहीत. वॉचमननं माझ्याकडे बोट दाखवून हे कोण, असं तमिळमध्ये विचारलं. ती ‘तेरिंजवर’ म्हणाली आणि बॅगा घेऊन आत गेली.

३ ऑगस्ट
अनंतकृष्णांना अर्थ विचारला. ‘ओळखीचा माणूस’ म्हणे. अदितीचं तमिळ अजून फारच कच्चं आहे.