माझे दात आणि ऑटोचे नाव

मी, एल्डन व्हिटमायर, वय सत्तर, निवृत्त लॅटिन शिक्षक, मुक्काम क्लेरिज, ओहायो, उजवा गुडघा वगळता देह व बुद्धी शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी फारच सज्जन होतो.

एक. घर भाची कॉर्नेलियाला.

दोन. बचत शाळेला. अट एवढीच, की शिक्षक रविवारी काय करतात याची चौकशी करू नये. माझ्या काळी पैसे घेऊन फुटबॉल खेळणाऱ्या मास्तरची नोकरी जाई. म्हणून १९०६ साली मी खाटीकखान्यातल्या ऑटो क्रेबिलचे नाव उसने घेऊन खेळलो. "घ्या की मास्तर, नाव थोडंच झिजतंय!" असे तो म्हणाला होता.

तीन. परसातल्या शिडीला नवा रंग द्यावा. कोळसेवाल्यांच्या संघाविरुद्ध चेंडू काखेत घेऊन साठ यार्ड धावलो, सामना जिंकून दिला आणि गुडघा मोडून घेतला. घरी सांगितले, शिडीवरून पडलो. बिचाऱ्या शिडीने पंचेचाळीस वर्षे विनाकारण दोष सोसला.

चार. ऑटोला काही नाही. त्याने आधीच घेतले आहे. न्हाव्याच्या दुकानात तो ती धाव दर शनिवारी स्वतःची म्हणून सांगतो. दरवर्षी ती पाच यार्डांनी वाढते. मला विचारतो, "मास्तर, तुम्ही कधी चेंडूला हात तरी लावलाय का?" माझी बायको एडनाही हसे. "शेजारचा ऑटो बघा, आणि आमचे हे! शिडीसुद्धा झेपली नाही." तिच्याशी खोटे बोललो होतो, म्हणून गप्प राहिलो. मार्चमध्ये ती गेली, ऑटोचे कौतुक करतच. आता मैदानावर त्याच्या नावाचा फलक लागणार आहे.

पाच. कपाटात त्या सामन्यात मी नाक वाचवायला बांधलेली रबरी नाकढाल आहे. तिची खालची पट्टी दातांत धरून खेळावे लागे. पट्टीवर दातांचे ठसे आहेत, पुढचा एक दात वाकडा, माझा आहे तसाच. ऑटोने ती स्वतःच्या तोंडात बसवून दाखवली असती, पण आता त्याला कवळी आहे. मी मात्र सगळे दात जपले, उगाच नव्हे.

शवपेटी झाकण्यापूर्वी ती पट्टी सर्वांसमोर माझ्या दातांत बसवावी. खांदा देणाऱ्यांत ऑटो असावा, पुढच्या बाजूला, नीट दिसेल असा. मग फलकावर कोणाचे नाव ठेवायचे ते गावाने ठरवावे. ऑटोला खुलासा करायचा असल्यास सावकाश करू द्यावा. माझ्या तोंडात पट्टी असेल. मी मध्ये बोलणार नाही.

क्लेरिज, ९ सप्टेंबर १९५१
सही: एल्डन व्हिटमायर (स्वतःच्या नावाने)

साक्षीदार:
लेमन स्टाउट, दंतवैद्य (पट्टी व दात ताडून पाहिले)
विल्मा ऑर्थ, ग्रंथपाल